नव्या हीट पंपातला 'ए२एल' वायू आणि बांधकाम नियम: परवाना काढताना काय पाहावे?

प्रश्न (सिएटलजवळून)

नमस्कार. आमच्या घरातला पंधरा वर्षांचा हीट पंप (घर गरम-थंड करणारे यंत्र) बदलायचा आहे. जुन्यात उष्णता वाहून नेणारा आर-४१०ए वायू आहे. नव्यात आर-४५४बी असेल आणि तो 'ए२एल', म्हणजे मंद ज्वलनशील वर्गात मोडतो, असे कंत्राटदार सांगतो. आमचा एअर हँडलर, म्हणजे घरात हवा खेळवणारा पंपाचा आतला भाग, तळमजल्यावरच्या कपाटाएवढ्या खोलीत, पाणी तापवण्याच्या गॅस हीटरला लागून आहे, आणि घरात दोन लहान मुले आहेत. हवामानाला कमी घातक म्हणून पेट घेऊ शकणारा वायू घरात आणायला बांधकाम नियम कशाच्या आधारावर परवानगी देतात? कंत्राटदाराला नेमके काय विचारावे?

उत्तर १ (यांत्रिकी अभियंता, अमेरिका)

तुमची शंका रास्त आहे. २०२०च्या संघीय 'एम' कायद्याखाली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने (ईपीए) घरगुती एसी आणि हीट पंपांसाठी वायूच्या तापमानवाढ क्षमतेची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तो वातावरण तापवतो याची, मर्यादा ७०० ठरवली, आणि १ जानेवारी २०२५पासून त्याहून अधिक क्षमतेच्या वायूची नवी यंत्रे बनवणे थांबले. आर-४१०एची क्षमता २०८८ आहे, आर-४५४बीची ४६६.

मात्र बांधकाम नियम राज्यांच्या हाती असतात, आणि माणसांच्या वावराच्या जागेत फक्त न पेटणारा वायू चालेल, असे ते वर्षानुवर्षे सांगत होते. 'अ‍ॅशरे १५' या सुरक्षा मानकाने २०१९च्या आवृत्तीत ए२एलला वाट दिली आणि राज्ये ज्यावरून आपले नियम बेततात तो आंतरराष्ट्रीय मेकॅनिकल कोड २०२४च्या आवृत्तीत तिथवर आला. तोवर न थांबता, पर्यावरण संस्थेने मान्य केलेला वायू स्थानिक नियमांनी अडवू नये, असे कायदे अनेक राज्यांनी केले. तुमच्या वॉशिंग्टन राज्याने २०१९मध्येच आपल्या बिल्डिंग कोड कौन्सिलला तसे बंधन घातले.

ए२एल वायूची ज्योत सेकंदाला १० सेंटिमीटरहून वेगाने पसरत नाही. तरीही खरी सुरक्षितता वायूच्या नावावर नाही, तो किती आणि कुठे आहे यावर ठरते. आर-४५४बी साधारण १.८ किलोहून जास्त असेल तर डक्टच्या यंत्रात गळती ओळखणारा सेन्सर लागतो. वायू हवेहून जड असल्याने हा सेन्सर कॉइलच्या तळाशी बसवतात. गळती लागताच कॉम्प्रेसर बंद होतो आणि पंखा सुरू होऊन वायू घरभर विरळ होतो.

म्हणून दोन आकडे लेखी मागा: लांब पाइपसाठी वाढवलेल्या वायूसह एकूण भरणा (यंत्रात भरलेल्या वायूचे वजन), आणि डक्ट जोडलेल्या खोल्यांचे एकूण क्षेत्रफळ. ते यंत्राच्या पुस्तिकेतल्या तक्त्याशी ताडून पाहा. शेजारच्या गॅस हीटरच्या ज्योतीबद्दल त्याच पुस्तिकेत काय अट आहे, हे परवान्याच्या अर्जाआधीच इन्स्पेक्टरला दाखवा.

उत्तर २ (एसी दुरुस्तीचे काम, पुणे)

आमच्याकडे आर-३२चे (हाही ए२एल वायूच) स्प्लिट एसी घरोघरी आहेत, आणि गोदरेजने २०१२पासून प्रोपेनचे, म्हणजे आर-२९०चेही एसी विकले आहेत. त्यामुळे वायू किती आणि कुठे, हा वरचा मुद्दा रोजच्या कामातून पटतो. प्रोपेन एका घनमीटर हवेत ३८ ग्रॅम झाला की पेटू शकतो, आर-३२ला सुमारे ३०७ ग्रॅम लागतात. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये भिंतीवर १.८ मीटर उंचीला इनडोअर युनिट धरले, तर प्रचलित सूत्राने प्रोपेन जेमतेम २३० ग्रॅम चालतो, तर आर-३२ जवळपास तीन किलो.

हा सगळा हिशेब गॅस भरणाऱ्याच्या हातात असतो, आणि माझी खरी काळजी तीच आहे. प्रेशर गेजकडे बघून "अजून थोडा" म्हणत गॅस सोडला, की यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाला अर्थ उरत नाही. वजनकाटा जमिनीवर, सिलिंडर काट्यावर, आणि भरण्याआधी नायट्रोजनने दाबाची चाचणी, एवढे तुमच्या समोर करून घ्या.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. कंत्राटदाराने भरणा ३.४ किलो सांगितला, त्यामुळे सेन्सर लागणारच. पुस्तिका मागवली आहे. जुने तांब्याचे पाइप तसेच ठेवू का?

उत्तर १

नव्या यंत्राचा उत्पादक परवानगी देत असेल, मापे जुळत असतील आणि दाबाच्या चाचणीत ते टिकले, तरच. भिंतीत झाकलेला सांधा असेल तर मी पाइप नवेच घालीन.