मे २००६ ची गाडी आणि वर्षाला ७३५ पाउंड टॅक्स, हे बरोबर आहे का?

सातसीटवाली:
नमस्कार मंडळी. इथे यूकेत राहून आता बरीच वर्षं झाली पण गाडीच्या टॅक्सचं हे गणित मला अजून पटलेलं नाही, म्हणून विचारतेय. आमच्याकडे पेट्रोलची जुनी सात सीटर आहे, मे २००६ मध्ये रजिस्टर झालेली, विकायला काढली तर दीड हजार पाउंड आले तरी खूप. सासू-सासरे आमच्याकडेच असतात, मुलं दोन, त्यामुळे सात सीटची गरज खरीच आहे, पण रोज कामाला मी ट्रेनने जाते आणि नवरा सायकलवर, गाडी वर्षाला जेमतेम ४००० मैल चालते. परवा २०२५-२६ च्या दराने टॅक्सचं रिमाइंडर आलं, ७३५ पाउंड. म्हणजे गाडीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे, दरवर्षी.

शेजाऱ्यांकडे २०१८ ची भलीमोठी डिझेल एसयूव्ही आहे, नवीन घेतली तेव्हा पन्नास हजारांच्या वर गेली होती म्हणे. त्यांना पडतात १९५. मी लॉगबुक, म्हणजे गाडीच्या रजिस्ट्रेशनचा कागद, काढून बसले, व्ही.७ च्या रकान्यात (किलोमीटरमागे किती कार्बन डायऑक्साइड) माझ्या गाडीचे २३५ ग्रॅम, त्यांचे विचारले तर २२५. दोन्ही गाड्या जवळपास सारखाच धूर सोडतात. वर ते वर्षाला १४००० मैल चालवतात. मग रात्री कॅल्क्युलेटर घेऊन हिशोब केला. माझी गाडी वर्षाला साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यांची पाच टनांवर. म्हणजे माझ्या एका टनाला ४८५ पाउंडांच्या आसपास आणि त्यांच्या एका टनाला ३८. शेजारी भले लोक आहेत, त्यांच्यावर राग नाही, पण टॅक्स जर धुरावर आहे तर धुराप्रमाणे घ्या ना. मी चुकतेय का कुठे? आणि गाडी ठेवावी की काढावी?

पानाहातोडी:
ताई, हिशोब बरोबर आहे तुमचा. मी गॅरेजमध्ये काम करतो, हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. घोडं पेंड खातं ते तारखेपाशी. लॉगबुकमध्ये व्ही.७ च्या आधी 'बी' चा रकाना बघायचा, पहिल्या रजिस्ट्रेशनची तारीख, सगळा खेळ तिथे आहे.

१ मार्च २००१ च्या आधीची गाडी असेल तर टॅक्स इंजिनच्या साइझवर, १५४९ सीसीपर्यंत एक दर आणि वर दुसरा. त्यानंतरच्या ३१ मार्च २०१७ पर्यंतच्या गाड्या कार्बनच्या बँडवर, ए पासून एम पर्यंत, आणि तो दर गाडी भंगारात जाईपर्यंत दरवर्षी. १ एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना कार्बनचा फटका फक्त पहिल्या वर्षी, तोही नवीन घेणाऱ्याच्या बिलातच जातो, दुसऱ्या वर्षापासून सगळ्यांना सरसकट एकच रक्कम, २०२५-२६ ला ती १९५ होती. चाळीस हजारांवरच्या गाडीला वर जादा टॅक्स लागतो, २०२५-२६ ला तो ४२५ होता, पण तो पाचच वर्षं. शेजाऱ्यांची गाडी २०१८ ची, म्हणजे त्यांची ती पाच वर्षं भरून झाली.

आणि आता जरा वाईट बातमी. तुमची गाडी २३ मार्च २००६ च्या आधी रजिस्टर झाली असती तर ७३५ नाही, ४३० पडले असते. २२५ ग्रॅमच्या वरच्या ज्या गाड्या त्या तारखेआधीच्या आहेत त्यांना के बँडच्या वर नेत नाहीत, नंतरच्यांना एल नाहीतर एम. तेच मॉडेल, तेच इंजिन, दोन महिन्यांचा फरक आणि ३०५ पाउंड जास्त. माझ्याकडे अशा दोन गाड्या एकाच आठवड्यात सर्व्हिसिंगला आल्या होत्या, रंगसुद्धा एकच, एक फेब्रुवारीची आणि एक जूनची. जूनवाल्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या कितीतरी वेळ दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीने बघत उभ्या होत्या, मला पण बोलायला काही सुचेना.

हप्त्याने भरणार असाल तर डायरेक्ट डेबिटने दरमहा भरताना ५ टक्के जास्त लागतात, म्हणजे तुमचे ७७२ च्या घरात जातील. जमत असेल तर वर्षाचे एकदम भरा. ज्याच्याकडे एकदम भरायला नसतात त्यालाच जास्त पडतात, हे पण मला कधी पटलं नाही.

हिरवीवाट:
मी थोडी दुसरी बाजू मांडतो. या टॅक्सचा हेतू गाडी घेताना माणसाने दोनदा विचार करावा हा आहे, आणि घेतानाच्या निर्णयावर त्याचा परिणाम होतो पण. २०२५-२६ मध्ये २५५ ग्रॅमच्या वरची नवी गाडी घेतली तर पहिल्या वर्षाचा टॅक्स ५४९० पाउंड होता, इतके मोजताना कोणीही थांबेल. आणि मैलाप्रमाणे पैसे आपण आधीच देतो हो, फ्युएल ड्युटी, म्हणजे इंधनावरचा कर. २०२५-२६ मध्ये लिटरमागे ५२.९५ पेन्स, पेट्रोल डिझेल दोन्हीला. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलचा थोडा जास्त, म्हणजे ड्युटी हा धुरावरचाच टॅक्स झाला. तुमच्या दीड टनाला साडेसहाशे लिटर पेट्रोल, म्हणजे ३४७ पाउंडांच्या आसपास ड्युटी. शेजाऱ्यांच्या पाच टनांना हजाराच्या वर. दोन्ही धरून तुमचे १०८० आणि त्यांचे १२०० च्या पुढे. म्हणजे ते अगदी फुकट सुटत नाहीयेत.

सातसीटवाली:
हिरवीवाट, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, थँक्यू. पण बघा ना, तुमचाच हिशोब धरला तरी तिप्पट धूर आणि पैसे जवळपास सारखेच. आणि विचार करायला लावायचा म्हणता तर मी २०१४ मध्ये ही गाडी सेकंडहँड घेतली, तेव्हा परवडत होती तीच घेतली. नवीन घेणारा विचार करून कधीच दुसऱ्या गाडीवर गेला, दरवर्षीचा भुर्दंड मात्र तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या गळ्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालंय हे.

वेल्सकर:
ताईंच्या बाजूने. आमच्याकडे दिवसाला दोन बस, दुसरी साडेचारला जाते, बायको हॉस्पिटलला नाइट करते. जुनी गाडी ठेवणारे सगळे काही हौसेने ठेवत नाहीत. शिवाय नवी गाडी बनवताना जो कार्बन जातो तो लॉगबुकमध्ये कुठे लिहिलेला असतो? चालती गाडी मोडीत काढून वर्षाला ४००० मैलांसाठी नवी घ्यायला लावणं यात हवेचं भलं कसं होतं ते मला कोणीतरी समजावून सांगा.

आणि ग्रॅमवरच सगळं ठरवल्याने काय झालं ते पण आठवा. २००१ नंतर डिझेलचे ग्रॅम कमी म्हणून टॅक्स कमी, लोकांनी धडाधड डिझेल घेतल्या, एक वेळ अशी होती की निम्म्याच्या आसपास नव्या गाड्या डिझेलच्या होत्या. डिझेलच्या धुरातल्या, फुफ्फुसांना त्रास देणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडचं कोणी विचारतच नव्हतं. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं टेस्टमधल्या चलाखीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. तोवर आमच्यासारख्यांनी सरकार सांगतंय म्हणून डिझेल घेऊन ठेवलेली, मग त्याच गाडीला लंडनमध्ये शिरायचे दिवसाला साडेबारा पाउंड. माझा मुलगा दम्याचा आहे, त्यामुळे स्वच्छ हवा मला नको असं कोणी समजू नका. पण ज्याने त्या वेळचा नियम पाळला त्यालाच नंतर दोषी धरायचं, हे मनाला लागतं.

चार्जिंगवाला:
माझी इलेक्ट्रिक आहे, २०२१ ची. मार्च २०२५ पर्यंत शून्य टॅक्स होता, २०२५-२६ ला मलाही १९५, म्हणजे धूर शून्य आणि टॅक्स ताईंच्या शेजाऱ्यांच्या एसयूव्हीएवढाच. तरी माझी तक्रार नाही, रस्ता मीही वापरतो. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये २०२८ च्या एप्रिलपासून इलेक्ट्रिकला मैलाला ३ पेन्स जाहीर झालेत, प्लग-इन हायब्रिडला दीड पेन्स. मी ८००० मैल चालवतो म्हणजे वर २४० जास्त. मैलाप्रमाणे घेणं मला तत्त्वतः पटतं, जेवढं वापराल तेवढं द्या, पण मग सगळ्यांनाच तसं करा आणि वरची ठोक रक्कम कमी करा. वेल्सकरांसारख्यांना बस नाही तर त्यांचा मैल आणि शहरात मेट्रो सोडून गाडी काढणाऱ्याचा मैल एकाच दराने मोजू नका. हे कसं करायचं ते कठीण आहे हे मान्य.

पानाहातोडी:
ताई, तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच, ठेवावी की काढावी. ड्राइव्हवे आहे का घराला? असेल तर ज्या महिन्यांत लागत नाही तेव्हा सॉर्न करा, म्हणजे गाडी रस्त्यावर आणणार नाही असं डीव्हीएलएला (गाड्यांची नोंदणी बघणारं सरकारी खातं) ऑनलाइन कळवायचं. राहिलेल्या पूर्ण महिन्यांचा टॅक्स परत येतो. पण मग ती रस्त्यावर अजिबात उभी करायची नाही, घरासमोर कडेला पण नाही.

विकणार असाल तर टॅक्स गाडीबरोबर जात नाही, ऑक्टोबर २०१४ पासून काचेवर लावायची कागदी टॅक्स डिस्क बंद झाली तेव्हापासूनच. तुम्हाला फक्त पूर्ण महिने परत मिळतात आणि घेणारा त्या महिन्याच्या एक तारखेपासून भरतो, त्यामुळे एका महिन्याचे दोनदा जातात. म्हणून महिनाअखेरीला विका, दोन तारखेला नको. आणि दुसरी सात सीटर बघाल तेव्हा ३१ मार्च २०१७ च्या आधीची, कमी ग्रॅमची बघा. १११ ते १२० ग्रॅमला २०२५-२६ ला ३५ पाउंड होते, पण तेवढ्यातल्या सात सीटर बहुतेक डिझेलच असतात आणि ४००० मैलांच्या छोट्या छोट्या फेऱ्यांना डिझेलचा काजळी अडवणारा फिल्टर चोक होतो, मी रोज बघतो. पेट्रोलची १५१ ते १६५ वाली मिळाली तर त्याच वर्षीच्या दराने २६५. विकत घ्यायच्या आधी नंबर टाकून तारीख आणि ग्रॅम दोन्ही तपासा, विकणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

सातसीटवाली:
ड्राइव्हवे आहे दादा. जानेवारी-फेब्रुवारीत सासू-सासरे पुण्याला असतात, तेव्हा सॉर्न करून बघते, दोन महिन्यांचे १२० तरी वाचतील. तोवर २६५ वाली पेट्रोलची शोधते, सापडली की व्ही.७ आणि बी दोन्हीचा फोटो इथे टाकते, जरा बघून सांगा. आणि वेल्सकर, मुलाची तब्येत कशी आहे आता?