तीनशे माणसांच्या हॉलात रॉक बँड म्हणजे सोपं काम?

कॅम्पकर
मार्च 1977 मध्ये रोलिंग स्टोन्सनं टोरांटोच्या एल मोकांबो क्लबात दुसऱ्याच नावानं जाहिरात करून जेमतेम तीनशेजणांसमोर वाजवलं, त्याचं लोकांना अजून कौतुक. खरं काम स्टेडियमचं. तीनशे माणसांना दोन टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर), दोन बेस (खालच्या सुरांचे) लावले की झालं. बेळगावातल्या कुठल्याही मंगल कार्यालयात उद्या होईल.

शहापूरचा साउंडवाला
हे वाचून गप्प बसवेना. बॉक्स कमी लागतात, कबूल. पण ड्रमला व्हॉल्यूमचं बटण नसतं ओ! जोरात वाजवला तर माइक न लावताही पहिल्या रांगेत 100 डेसिबलच्या वर जातो. गाणाऱ्याचा माइक त्याच्यापासून दोन मीटरवर. गळा वर काढायला मिक्सरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) सारला की त्याच माइकमधून ड्रमच्या सिंबल, म्हणजे धातूच्या थाळ्याही वर येतात. गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू येईना म्हणून मॉनिटर (त्याच्याकडं तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर) वाढवायचा, की माइक शिट्टी मारतो. मोठ्या स्टेजवर ड्रम लांब असतो, तिथं निम्मं दुखणं आधीच गेलेलं असतं.

आणि मंगल कार्यालय? 20 मीटर लांब, 12 रुंद, 5 उंच धरा. खाली ग्रॅनाइट, भिंतीला ऑइलपेंट. घुमण्याचं सबाइनचं सूत्र लावा: 1200 घनमीटर गुणिले 0.161, भागिले शोषण (भिंती-जमीन किती आवाज गिळतात ते, चौरस मीटरमध्ये), ते अशा हॉलात फार तर 40. म्हणजे रिकामा हॉल जवळजवळ पाच सेकंद घुमणार. त्यात शब्द कुठला कळतोय?

टिळकवाडी
पण माणसं आली की घुमणं जातं की! रिकाम्या हॉलाचं गणित सांगून कशाला घाबरवताय?

शहापूरचा साउंडवाला
जातं, पण वरचं. माणशी अर्धा चौरस मीटर शोषण धरलं तर 300 माणसांचे 150 वाढतात, मधले-वरचे सूर सेकंदभरावर येतात. बेस तसाच राहतो. 100 हर्ट्झची लाट 3.4 मीटरची, भिंतीला चिकटवलेला पडदा तिला काय अडवणार? म्हणून रिकाम्या हॉलात साउंडचेक करताना हाय (वरचे सूर) कापू नका. कापलात तर माणसं भरल्यावर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. कापायचं तर 200 हर्ट्झच्या खालचं, आणि व्होकलला 100 वर लो-कट, म्हणजे त्याखालचे सूर बंद.

निपाणी गिटार
सगळं खापर वाजवणाऱ्यांवर! कुठंही जा, पहिलं वाक्य ‘गिटार कमी करा’. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप जोरात चालवल्याशिवाय त्याचा सूरच उघडत नाही, हे मिक्सरवाल्याला कोण सांगणार? बरं, 100 वॅटच्या जागी 10 वॅटचा आणला तरी फरक फक्त 10 डेसिबलचा, कानाला साधारण निम्मा.

शहापूरचा साउंडवाला
निम्मा झाला तरी पुष्कळ. खरी चूक अँप ठेवण्यात असते. बारा इंची स्पीकरचा तिखट भाग टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. अँप जमिनीवर, वाजवणारा त्याच्यासमोर उभा, झोत त्याच्या पोटऱ्यांवर. त्याला आवाज बोथट लागतो, तो ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेल्याच्या कानात सुई जाते. खुर्चीवर ठेवा, मागं कलवा, तोंड स्टेजच्या आडव्या दिशेला करा.

निपाणी गिटार
खुर्चीचं मान्य. वॅटचं नाही.

खानापूर
अँपवर किती भांडाल? आधी वायरिंग बघा. लाइटचे डिमर (उजेड कमी-जास्त करणारे) आणि साउंड एकाच फेजवर घेतले की गिटारीत घरघर येते. मग कोणीतरी शहाणा अर्थिंगची पिन काढतो. घरघर थांबते, पण हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की जीव जाऊ शकतो. साउंडला वेगळी फेज घ्या, पिनला हात लावू नका.

कॅम्पकर
अर्थिंगचं पटलं. पण ऑक्टोबर 1972 मध्ये लेड झेपेलिनचे पेज आणि प्लँट मुंबईत कुलाब्याच्या स्लिप डिस्कमध्ये स्थानिक वादकांसोबत, तिथल्याच वाद्यांवर वाजवून गेले. तेव्हा कुणी सबाइनचं सूत्र मांडलं होतं?

शहापूरचा साउंडवाला
तो जॅम होता, तिकीट लावलेला शो नव्हे. तरी एवढं मानतो, की सामानापेक्षा हात मोठा. ड्रमरनं हात आवरला तर माझा मिक्सर वाचवणार नाही एवढे डेसिबल वाचतात. नाहीतर काठीऐवजी रॉड्स (बारीक काड्यांची जुडी) द्या.

कॅम्पकर
रॉड्सनं रॉक वाजत नाही.

शहापूरचा साउंडवाला
मग ड्रम भिंतीच्या कोपऱ्यात कोंबू नका, तिथं बेस फुगतो. मीटर-दीड मीटर पुढं ओढा, खाली जाड सतरंजी, मागं कापसाच्या गाद्या उभ्या करा. मंगल कार्यालयात गाद्या असतातच.