सांगलीत आयव्हीएफ: पाटीवरच्या पदव्या कशा वाचायच्या?

प्रश्न: विश्रामबागेतल्या एका दवाखान्याच्या पाटीवर ‘एमएस, फेलोशिप, वंध्यत्वतज्ज्ञ’ असं आहे. एवढं पुरे का?

मिरजकर: एमएस स्त्रीरोगातली असेल तर 3 वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. फेलोशिप, म्हणजे पदवीनंतरचं खास प्रशिक्षण, मात्र काही महिन्यांचीही असते. कुठे, किती दिवस, विचाराच. वंध्यत्व उपचारांच्या 2021 च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे डॉक्टरने देखरेखीखाली 50 वेळा स्त्रीबीजं काढलेली हवीत, नाहीतर डीएम (एमएसच्या पुढची पदवी) किंवा फेलोशिप, आणि वर 3 वर्षांचा अनुभव.

कऱ्हाडकर: भिंतीवरचं नोंदणीपत्र बघा. लेव्हल 1 च्या दवाखान्याला फक्त आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं). आयव्हीएफला लेव्हल 2 लागते. मुदत 5 वर्षं, तारीख वाचा.

लॅबवाला: सगळे डॉक्टरच बघतात! गर्भ सांभाळतो एम्ब्रियोलॉजिस्ट. तो रोज असतो की पुण्याहून ठरल्या दिवशी येतो? स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र केल्यावर फलन 16 ते 18 तासांनी तपासावं लागतं. तेव्हा लॅबमध्ये कोण?