आलिशान घर कशाला म्हणायचं?

उंबरठा:
आलिशान म्हटलं की डोळ्यांसमोर संगमरवर आणि झुंबर येतं. मी मात्र जिथे जिवाला आराम पडतो त्या वास्तूला आलिशान म्हणेन. मागे आईसोबत रुग्णालयात अकरा रात्री काढल्या. खोली चकचकीत, पण छतावरची ट्यूब थेट तिच्या डोळ्यांवर. दिवसभर कपाळावर हात आडवा धरून पडायची बिचारी. फिनलंडमधलं पायमिओचं क्षयरोग रुग्णालय वास्तुकार आल्वार आल्टोने १९३३ सालीच आडव्या पडलेल्या माणसाच्या नजरेने बांधलं होतं. छताला शांत गडद रंग, दिवा नजरेच्या टप्प्याबाहेर. वॉशबेसिनला उतारही असा, की पाणी सोडलं तरी शेजारच्याची झोप मोडू नये. यात महागडं काय आहे?

चुनागच्ची:
साफ असहमत. महाग म्हणजे पोकळ, हे कुणी ठरवलं? स्वित्झर्लंडमधल्या व्हाल्सचं गरम झऱ्यावरचं स्नानगृह घ्या (वास्तुकार पीटर झुमथॉर, १९९६). तिथल्याच क्वार्टझाइट दगडाच्या पातळ पट्ट्या थरावर थर रचून भिंती उभ्या केल्यात. अंधारं पाणी, वरच्या फटीतून उतरणारी उजेडाची एक रेघ. असं काम काटकसरीत होत नाही, आणि जिवाला आराम तर तिथेही पडतोच.

कोनाडा:
माझा आक्षेप मूळ शब्दालाच आहे. रॉजर उलरिकचा १९८४ चा अभ्यास आठवा. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण थोडे आणि रुग्णालय एकच, हे खरं. तरी अशा खिडकीला चैन म्हटलंत, की खर्चाला कात्री लावताना पहिला घाव तिच्यावरच पडणार. उजेड आणि शांतता हा हक्क आहे, उंबरठा. चैनीच्या यादीत नका घालू.

उंबरठा:
हक्क आहेच. पण हक्काच्या नावाखाली किमान तेवढंच पदरात पडतं, ते मला नको आहे. फ्रान्समध्ये बोर्दोला लाकातों आणि वासाल या वास्तुकारांनी सहकाऱ्यांबरोबर सरकारी वसाहतीतल्या ५३० जुन्या घरांना बाहेरून काचेच्या प्रशस्त ओसऱ्या जोडल्या. २०१७ पर्यंत काम झालं, तेही कुणाला घर सोडायला न लावता. जिला काही काम नेमून दिलेलं नाही अशी जागा साध्या भाडेकरूला मिळाली! याला मी आलिशानच म्हणणार.

झरोका:
उजेड, झाडं, मोकळी जागा एवढ्याने भागत नाही. वास्तुकार मीस व्हॅन डर रोहचं अमेरिकेतलं फार्न्सवर्थ हाउस (१९५१) चारी बाजूंनी काचेचं, भोवती झाडं, शेजारी नदी. पण उन्हाळ्यात आत तापायचं, आणि मालकीण डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांना उघड्यावर राहिल्यासारखं वाटायचं. स्वतःला हवं तेव्हा मिटून घेता येत नसेल तर ते कसलं सुख?

उंबरठा:
झरोका, हे मात्र पटलं. बोर्दोच्या ओसऱ्यांना पडदे आहेत, ते कधी ओढायचे हे राहणारा ठरवतो. आईच्या खोलीतल्या ट्यूबचं बटण दाराबाहेर होतं.