मदत हवी आहे: जोड सिलेंडरसाठी विंग कोणती घ्यावी?

मंडळी, नमस्कार. मी मालवणचा. गेली काही वर्षं सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आणि निवतीच्या खडकांवर एका सिलेंडरने, साध्या, हवा भरायच्या जॅकेटवर डाइव्ह करतोय. आता जोड सिलेंडरचं (पाठीवर दोन सिलेंडर एकत्र) प्रशिक्षण घ्यायचं ठरवलंय. कधीतरी आंग्रिया बँक (भर समुद्रातलं बुडालेलं प्रवाळ पठार) बघायचीच आहे, आणि तिथे किनारा फार लांब.

मागच्या महिन्यात उसनी विंग, म्हणजे तरंगण्यासाठी पाठीवर लावायची हवेची पिशवी, लावून पाहिली. घोड्याच्या नालेसारखी, खालून उघडी. डाव्या बाजूला हवा अडकली आणि मी पाच मीटरवर तिरका लोंबकळत राहिलो. उजवीकडचा हवा सोडायचा दट्ट्या ओढून उपयोग शून्य, अख्खं अंग वळवलं तेव्हा कुठे हवा सरकली. गोल, डोनट विंगमध्ये हवा खालूनही फिरते म्हणतात. तुमचा अनुभव काय?

दुसरा घोळ उचल क्षमतेचा. ॲल्युमिनियमचे ११.१ लिटरचे दोन सिलेंडर, २०० बारला हवेचंच वजन साडेपाच किलोच्या आसपास. वर ३ मिलिमीटरचा वेटसूट, तो खोलीवर दबतो आणि त्याची तरंगण्याची ताकद कमी होते. माझ्या हिशोबाने १८ ते २० किलोची विंग पुरावी, पण दुकानदार २७ किलोचीच गळ घालतोय. एवढी मोठी पिशवी पाण्यात फडफडणार नाही का?

शिवाय आपल्याकडे ड्रायसूट (आत हवा भरता येणारा कोरडा पोशाख, म्हणजे तरंगायला दुसरा आधार) कोणी घालत नाही. विंग फाटली तर दुसरा आधार काय ठेवता? दुहेरी ब्लॅडर (एकाच विंगमध्ये हवेच्या दोन पिशव्या) घेता, की वजनच असं बेतता की पोहत वर येता येईल? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जोड सिलेंडर प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.