सिमेंटवर झिजतात, लाकडावर घसरतात: बास्केटबॉलचे बूट, ग्रिप आणि कुशनिंग

पौडरस्ता

नमस्कार. जाणकारांचा सल्ला हवा आहे. मुलगी १५ वर्षांची, उंची ५ फूट ४ इंच, वजन ५० किलो, गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेणारी खेळाडू म्हणून, खेळते. मी तिची आई, मला खेळातलं फार कळत नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी दीड तास कोथरूडमध्ये सिमेंटच्या कोर्टवर सराव आणि शनिवार-रविवार लाकडी फ्लोअरच्या हॉलमध्ये मॅच. बूट तीन महिन्यांपूर्वी घेतले.

अडचणी दोन आहेत. लाकडी कोर्टवर पळत येऊन थांबताना पुढचा पाय सरकतो. पहिल्या महिन्यात असं होत नव्हतं. सिमेंटवर मात्र अजूनही सरकत नाही. दुसरं म्हणजे सिमेंटवरच्या सरावानंतर टाचा आणि चवडे दुखतात. रविवारच्या मॅचनंतर तेवढे दुखत नाहीत.

सोल अर्धपारदर्शक निळसर रबराचा आहे. चवड्याखालची नक्षी पुसट झाली आहे. दुकानदारांचं म्हणणं, जास्त कुशनचा महाग जोड घ्या आणि वाढतं वय आहे तर एक नंबर मोठाच घ्या. बजेट ताणून ८ हजार. एकाच जोडात दोन्ही भागेल का? आणि महाग कुशनने दुखणं थांबेल का?

रिबाउंड_४४

ताई, नवा जोड घ्यायच्या आधी सरकण्याचं कारण पक्कं करा. फ्लोअरवर धूळ आहे, सोलवर धूळ आहे, की रबरच गेलं आहे, एवढंच पाहायचं. शनिवारी हॉलमध्ये पोचल्यावर ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने दोन्ही सोल पुसा, अर्धा मिनिट वाळू द्या आणि तिला फ्री थ्रो लाइनपासून चार-पाच वेळा जोरात येऊन थांबायला सांगा. ग्रिप परत आली आणि पाच-सात मिनिटांत पुन्हा गेली तर धूळ. आलीच नाही तर रबर. आणि दोन्ही टीममधल्या सगळ्यांचेच पाय सरकत असतील तर फ्लोअरवर काहीतरी आहे. बहुतेक वेळा फिनाइल किंवा साबणाच्या पाण्याने पुसल्याचा थर असतो. लाकडी फ्लोअर कोरड्या मायक्रोफायबर मॉपने पुसून काढायचा असतो, तेही मॅचच्या आधी आणि हाफटाइमला.

सिमेंटवर सरकत नाही आणि लाकडावर सरकतं, यात नवल नाही. सिमेंट खरखरीत असतं, त्याचे कंगोरे रबरात रुततात. गुळगुळीत सोलसुद्धा कोरड्या सिमेंटवर धरतो. लाकडी फ्लोअरवर वार्निशचा गुळगुळीत थर असतो. तिथे रबर त्या थराला जितकं स्वच्छ आणि जितकं जास्त चिकटेल तितकी पकड. मधे धुळीचा बारीक थर आला की तो छर्‍यांसारखा फिरतो. नक्षीचं काम इथे दुहेरी आहे: तिच्या धारदार कडा थांबताना वाकून पकडतात, आणि खाचांमध्ये धूळ ढकलली जाते म्हणजे रबराचा वरचा भाग मोकळा राहतो.

म्हणून हेरिंगबोन, म्हणजे झिगझॅग रेषांची नक्षी, अजून टिकून आहे. रेषा सतत दिशा बदलतात, त्यामुळे पुढे, मागे, बाजूला, कुठेही थांबलं तरी एखादी कड आडवी येतेच. खाचा अगदी अरुंद असल्या तर धूळ आत अडकते आणि निघत नाही. उथळ असल्या तर सिमेंटवर दोन महिन्यांत सपाट. बूट घेताना नख खाचेत घालून पाहा, टोक सहज आत गेलं पाहिजे. चवड्याखाली गोल वर्तुळांची नक्षी दिसली तर तिथे पिव्हट करणं, म्हणजे एक पाय रोवून त्यावर वळणं, सोपं जातं. तेही पाहा, कारण रबर फारच चिकटलं आणि पाय अडकून अंग वळलं तर ताण गुडघ्यावर येतो.

तुमच्याकडे सोमवार ते शुक्रवार दीड तास म्हणजे आठवड्याला साडेसात तास, तीन महिन्यांत नव्वदच्या आसपास तास सिमेंटवर. मऊ इनडोअर रबराच्या कडा तेवढ्यात गोल होतात. अर्धपारदर्शक रबर अनेकदा धूळही जास्त धरतं. माझ्या मते तुमच्या जोडाचा लाकडी कोर्टवरचा जीव संपला आहे, पण तो सिमेंटवर अजून चालेल. उलटं कधीच करू नका: सिमेंटवर वापरलेला जोड लाकडावर नेला की बारीक खडी तिथलं वार्निश खरवडते, आणि ते बाकीच्या मुलींनाही भोगावं लागतं.

चवडा_आणि_टाच

दुखण्याबद्दल. ग्रिपबद्दल वर लिहिलंय ते सगळं पटतं, पण माझ्या दृष्टीने तुमचा मोठा प्रश्न हा आहे.

लाकडी स्पोर्ट्स फ्लोअर जमिनीवर थेट बसवलेला नसतो. खाली पट्ट्या, रबरी पॅड असतात, तो दबतो. अशा फ्लोअरची धक्का शोषण्याची क्षमता मोजतात तीच मुळी काँक्रीटशी तुलना करून: काँक्रीट म्हणजे शून्य. सोसायट्यांमधलं हिरवं-निळं अॅक्रिलिक कोर्ट पाहून ते मऊ वाटतं, पण रंगाखाली काँक्रीट किंवा डांबरच असतं. रंगाचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा. तेव्हा मॅचनंतर कमी आणि सरावानंतर जास्त दुखतं हे बरोबर जुळतं. बुटाचं कुशन सिमेंटला लाकूड करू शकत नाही. सरावातल्या उड्यांची संख्या कमी करणं, किंवा रिबाउंडच्या आणि बॉक्स जंपच्या (खोक्यावर चढायच्या) उड्या गवतावर किंवा रबरी मॅटवर घेणं, याचा उपयोग कोणत्याही बुटापेक्षा जास्त होतो. कोचशी हे नक्की बोला.

आता कुशन. महागाचं कुशन ५० किलोच्या मुलीला उपयोगी पडेलच असं नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही. बूट बहुतेक वेळा जास्त वजनाच्या पुरुष खेळाडूंना डोळ्यांसमोर ठेवून बनतात. उदाहरण घ्यायचं तर नायकीचं झूम एअर: दाबाने भरलेली हवेची चपटी पिशवी, आत उभे धागे ताणून बसवलेले, दाबलं की धागे सैल होतात आणि लगेच ताणून परत ढकलतात. ८५ किलोचा माणूस उडी मारून उतरला की ती पिशवी नीट दबते. ५० किलोच्या मुलीला तीच पिशवी कडक वाटू शकते. तिला फोमचा मऊपणा लगेच जाणवणारा बूट हवा, म्हणजे मऊ ईव्हीए (बुटांत नेहमी असतो तो फोम), किंवा आदिदासच्या बूस्टसारखा टीपीयू या लवचीक प्लास्टिकच्या फुगवलेल्या दाण्यांचा फोम. साधा ईव्हीए हलका आणि स्वस्त, पण वापराने त्यातल्या हवेच्या पोकळ्या दबतात आणि हळूहळू वर येईनाशा होतात. मिडसोलच्या (सोलच्या वरच्या फोमच्या थराच्या) बाजूला आडव्या सुरकुत्या दिसतात त्या त्याच. टाचेच्या बाहेरच्या अंगाला सुरकुत्या जास्त आणि खोल असतील तर फोम तिथे बसला.

दुकानात तपासायची पद्धत: बूट घालून एका पायावर दहा वेळा टाच आपटत उतरायला सांगा. तळ लागल्यासारखा टणक ठोका बसला तर तो तिच्यासाठी पातळ आहे. मग चवड्यावर बाजूला उड्या. पाय फोमवरून बाहेरच्या बाजूला कलंडत असेल तर तो नको, कितीही मऊ असला तरी. मऊ फोमला बाजूने उंच काठ हवा आणि सोल चवड्याच्या बाहेर थोडा पसरलेला हवा. शेवटी बूट हातात धरून वाकवा: तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. मधोमध वाकणारा बूट तळपायाच्या कमानीला दमवतो.

एक गोष्ट मात्र टाळू नका. नडगीच्या किंवा पायाच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवलं की ठणकत असेल, रात्री दुखत असेल, किंवा दोन आठवडे सराव कमी करूनही तसंच राहिलं, तर बूट बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

बेसलाइन

वरच्या प्रतिसादात एक भर. गार्ड मुलीला खूप जाड, मऊ फोम घेऊ नका. कट मारताना, म्हणजे पळता पळता एकदम दिशा बदलताना, पाय जमिनीपासून जितका उंच, तितका घोटा कलंडायला जागा. सरावाला रनिंग शूज वापरायचा मोह होतो, कारण ते मऊ असतात. पण त्यांना बाजूने आधार कमी असतो, सरळ पळण्यासाठी ते ठीक. बाजूला झटका बसला की घोटा मुरगळू शकतो.

आणि उंच कॉलरचे (घोट्याच्या वरपर्यंत येणारे) बूट घेतले की मुरगळणार नाही, हा समजही सोडा. तसा ठोस आधार नाही. आधी मुरगळलेला घोटा असेल तर लेस असलेला अँकल ब्रेस (घोट्याला बांधायचा आधार) आणि एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम, हे दोन्ही जास्त कामाचे.

पौडरस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी फडक्याची तपासणी केली. सोल पुसल्यावर थोडा फरक पडला, पण थांबताना तरी सरकलीच. बाकीच्या मुली नीट थांबत होत्या. नक्षीवर बोट फिरवलं तर कडा गोल लागतात. म्हणजे रबर गेलं.

हाडावर एका जागी दुखत नाही, दोन्ही टाचांत सारखंच आहे. कोचशी बोलले, उड्यांचा सराव गवतावर घ्यायला ते तयार आहेत.

आता विचारायचं ते हे: जुना जोड सिमेंटला आणि नवा फक्त हॉलसाठी, असं करू का? जुन्याची टाच बसली असेल तर सुखतळा बदलून चालेल? आणि एक नंबर मोठा घेण्याचं काय?

सुखतळा

एक नंबर मोठा नको. वाढत्या अंगाचा फ्रॉक चालतो, वाढत्या पायाचा बूट नाही. पाय आत पुढे-मागे सरकतो तेव्हा सोल धरलेला असतो आणि पायच घसरतो. बाहेरून पाहणार्‍याला ते ग्रिप गेल्यासारखंच दिसतं. नखं काळी पडतात, टाचेला फोड येतात. उभं राहून सर्वांत लांब बोटापुढे अर्धा ते एक सेंटीमीटर, बस. लांब बोट अंगठाच असेल असं नाही. लक्ष्मी रोडला जा की कॅम्पात, संध्याकाळी जा, कारण दिवसभराने पाय थोडा सुजतो. खेळायचेच मोजे घालून जा आणि दोन्ही पायांत घालून पाहा.

लेस बांधताना सर्वांत वरची दोन भोकं रिकामी सोडतात ती वापरा. प्रत्येक बाजूला लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकातून आत घालून छोटा फास करा, मग समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओवून खाली-मागे ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते. बर्‍याच वेळा नुसत्या एवढ्याने सरकणं कमी होतं.

सुखतळ्याबद्दल: कंपनीचा सुखतळा बहुधा ३-४ मिलिमीटरचा साधा फोम असतो, तो सपाट झाला असेल तर नवा घाला. जुना काढून मगच नवा. एकावर एक घातले की टाच कॉलरच्या वर येते आणि पकड सुटते. पण नव्या सुखतळ्याने बसलेला मिडसोल परत येत नाही. बाजूच्या सुरकुत्या खोल असतील तर तो जोड सिमेंटलाही देऊ नका. तिची टाच आधीच दुखते आहे, आणि सिमेंटवरच तर तिला फोम सर्वांत जास्त लागतो.

रिबाउंड_४४

सुखतळा यांच्याशी सहमत, माझं आधीचं मत बदलतो. टाचेच्या दुखण्याचा विचार करता जुना जोड फक्त शूटिंगच्या हलक्या सरावाला ठेवा.

८ हजारांत असं वाटून घ्या: जास्त पैसे सिमेंटच्या जोडावर. पाच दिवस तोच पायात आहे. तिथे रबर जाड आणि कडक हवं. नायकीच्या काही बुटांच्या सोलवर एक्सडीआर अशी अक्षरं असतात, ते जास्त टिकाऊ रबर. बाकी कंपन्यांचं अंगठ्याच्या नखाने दाबून पाहा: नख सहज रुतलं तर रबर इनडोअरचं. खाचा खोल आणि रुंद हव्यात. हॉलच्या जोडाला दोनच दिवस काम आहे, त्यामुळे डेकॅथलॉनचा साधा जोडही भागवेल, फक्त रबर मऊ आणि नक्षी पूर्ण सोलभर असावी. मागच्या वर्षीचं मॉडेल घेतलं तर दोन्ही बजेटमध्ये बसायला हरकत नाही. हॉलचा जोड रस्त्यावर कधीच घालू नये, पिशवीतून न्यावा आणि कोर्टच्या कडेला घालावा. स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेवरची माती सोलला लागली की पहिला क्वार्टर वाया. बेंचपाशी ओला टॉवेल घडी करून ठेवा, आत जाताना दोन्ही पाय त्यावर घासायचे. थंडपेय किंवा साखरेचं पाणी सोलला लावणं बंद. चिकटपणा दोन मिनिटं टिकतो, मग धुळीचा लेप बसतो.

आठवड्यातून एकदा जुना टूथब्रश आणि भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी घेऊन खाचा घासा, सावलीत पंख्याखाली वाळवा. एप्रिल-मेमध्ये बूट स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने डिकी तापते तेव्हा फोम आकसतो आणि सोलचा गोंद सुटतो.

पावसाळ्याचं विचारलं नाहीत, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत सिमेंटच्या कोर्टवर कडेकडेने शेवाळ येतं. त्यावर कोणताही सोल, कोणतीही नक्षी धरत नाही. सकाळी सरावाआधी कोचना हाताने जमीन चाचपून पाहायला सांगा. बुळबुळीत लागली तर त्या दिवशी फक्त उभ्याने शूटिंग आणि ड्रिब्लिंग. बूट भिजले तर सुखतळे लगेच बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन-तीन तासांनी बदला.