उत्तर: ४,२९,४९,६७,२९७ मूळ संख्या आहे का?

या प्रश्नावर एका उत्तरात म्हटलंय की शंभरपर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही, शिवाय पाया २ घेऊन केलेल्या, गणितज्ञ फर्माच्या चाचणीतही (२ चा, संख्येहून एकने कमी इतका घात घेऊन त्याला त्या संख्येने भागल्यावर बाकी १ येते का, ही तपासणी) ही संख्या उत्तीर्ण होते, म्हणजे ती मूळच असणार. पण ही संख्या २^३२ + १ (२ चा ३२ वा घात अधिक १) आहे, आणि २^(२^n) + १ या घराण्यातल्या सगळ्याच संख्या पाया २ ची चाचणी पास होतात, मूळ असोत वा नसोत. पाया ३ घेतला की हिचं बिंग फुटतं.

खुद्द फर्माला ती मूळ वाटली होती. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने दाखवलं: ६४१ × ६७,००,४१७.

कॅल्क्युलेटरची गरजच नाही. ६४१ = ५ × २^७ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी). चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. आता ६२५ + १६ हेही ६४१च! म्हणून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ ची बाकी १. झालं, २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

आणि ६४१ हवेतून येत नाही. २^३२ + १ चा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या पटीत १ मिळवून येतो. अशा मूळ संख्या २५७, मग थेट ६४१. शंभरपर्यंत शोधून काय मिळणार होतं?